वेशीबाहेरची पेठ : कोन-भिवंडी पट्ट्यातील व्यापारउदिमाचा इतिहास

कल्याणच्या पश्चिमेस दुर्गाडी किल्ल्याच्या पायथ्याशी उल्हास नदी खाडीचे रूप घेते, आणि या खाडीच्या पलीकडच्या काठावर, कल्याणहून भिवंडीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या तोंडाशी कोन हे गाव वसले आहे. ठाणे जिल्ह्याच्या भिवंडी तालुक्यातील या गावाचा कारभार ग्रामपंचायत पाहते, मात्र जनगणनेत त्याची नोंद ‘जनगणना नगर’ अशी होते. ज्या गावाची लोकसंख्या किमान ५,००० आहे, लोकवस्तीची घनता दर चौरस किलोमीटरला किमान ४०० आहे आणि काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के पुरुष शेतीबाहेरच्या कामावर जगतात, ते गाव नगरपालिका नसतानाही जनगणनेच्या लेखी शहर ठरते. कारभाराने गाव आणि व्यवहाराने शहर ही कोनची दुहेरी ओळख योगायोगाने घडलेली नाही. भिवंडी परिसरातील व्यापाराची आणि उद्योगाची गेल्या शंभर वर्षांतील वाढ बव्हंशी कोणत्या ना कोणत्या सीमेच्या अगदी पलीकडे झाली आहे. कधी ती गिरण्यांवरील निर्बंधांच्या पलीकडे झाली, कधी अबकारी कराच्या मर्यादेच्या, कधी मुंबईच्या जकात नाक्यांच्या, तर कधी नगरपालिकेच्या हद्दीच्या पलीकडे. लहान भांडवलाच्या व्यापारी समाजाने या सीमा अचूक ओळखल्या, त्यांच्या आधाराने लाखो माणसांना रोजगार मिळेल एवढी अर्थव्यवस्था उभी केली, आणि वेशीबाहेर राहण्याची किंमतही शेवटी त्याच प्रदेशाला मोजावी लागली. कोनसारख्या गावाचा इतिहास या दोन्ही बाजू एकत्र ठेवूनच वाचावा लागतो.

या काठावरचा व्यापार फार जुना आहे. कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत दान देणाऱ्यांमध्ये कल्याणचे रहिवासी आणि व्यापारी आढळतात. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक भाषेतील सागरी व्यापाराच्या मार्गदर्शिकेत कल्याण बंदराचा उल्लेख येतो, आणि सातवाहनांच्या काळात मान्यता पावलेल्या या बंदरावर पुढे राजकीय संघर्षामुळे निर्बंध आल्याचेही तीत नोंदलेले आहे. सहाव्या शतकात कॉस्मास या प्रवासी-लेखकाने पश्चिम भारतातील मोठ्या व्यापारी ठाण्यांमध्ये कल्याणची गणना केली असून तेथून बाहेर जाणाऱ्या मालात तांबे, लाकूड आणि कापड यांचा समावेश केला आहे. यावरून भिवंडीच्या आजच्या कापडधंद्याशी अखंड परंपरेचे नाते जोडणे मात्र धाडसाचे ठरेल, कारण मधल्या शतकांत बंदरे गाळाने भरली, राजवटी बदलल्या आणि विणकरांच्या वस्त्याही हलल्या. टिकून राहिला तो घाटावरून उतरणारा माल खाडीपर्यंत आणण्याचा मार्ग. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये कल्याण आणि भिवंडी ही ठाणी एकाच मोहिमेत घेतली आणि दुर्गाडीच्या आश्रयाने खाडीत जहाजबांधणी सुरू करून मराठी आरमाराचा पाया घातला, तोही याच मार्गाचे महत्त्व जाणून. कल्याण, भिवंडी आणि त्यांच्यामधला काठ हे व्यवहारात एकच क्षेत्र आहे, ही जाण त्या मोहिमेत स्पष्ट दिसते. अर्वाचीन काळातील कारभाराने मात्र हे क्षेत्र वेगवेगळ्या हद्दींत वाटून टाकले.

१ मे १८५४ रोजी रेल्वे ठाण्याहून कल्याणपर्यंत पोहोचली, आणि खाडीच्या दोन काठांचे नशीब वेगळे झाले. कल्याण पुढे मोठे जंक्शन बनले. भिवंडी मुख्य लोहमार्गापासून दूर राहिली. खाडीतील पडाव आणि मचवे, घाटाकडे जाणारा मुंबई-आग्रा रस्ता आणि बैलगाड्या एवढ्यावर तिचा व्यापार चालत राहिला. भात, गवत, लाकूड आणि सुकी मासळी हा त्या व्यापाराचा मुख्य माल होता. मुंबईतील घोड्यांना आणि गोठ्यांना लागणारे गवत ठाणे जिल्ह्याच्या माळरानांवरून वखारींत येई, दाबून त्याच्या गठड्या बांधल्या जात आणि ते मुंबईला रवाना होई. या व्यापारात कोकणी मुसलमान, गुजराती आणि मारवाडी घराण्यांचा हात होता. भातशेती, मिठागरे, मासेमारी आणि होड्या यांवर आगरी, कुणबी आणि कोळी समाज जगत होते. ठाण्याच्या खाड्यांमध्ये रेती काढण्याची ‘डुबी’ पद्धत पुढे बराच काळ चालू होती: मजूर बादली घेऊन खाडीच्या तळाशी बुडी मारी, श्वास पुरेल तेवढ्या वेळात ती रेतीने भरी आणि वर येऊन होडीत रिती करी. मुंबईच्या इमारतींमध्ये गेलेल्या रेतीच्या हिशेबात हे श्रम कधीच नीट मोजले गेले नाहीत.

विणकाम आले ते बाहेरून. एकोणिसाव्या शतकात, आणि विशेषतः १८५७ च्या उठावानंतर, उत्तर भारतातील मोमीन अथवा अन्सारी विणकरांची कुटुंबे दुष्काळ, दडपशाही आणि विलायती कापडामुळे बुडालेला धंदा यांना कंटाळून दक्षिणेकडे निघाली आणि बऱ्हाणपूर, धुळे, मालेगाव, भिवंडी अशा ठिकाणी स्थिरावली. भिवंडीत त्यांना मुंबईची बाजारपेठ जवळ मिळाली. हातमागावर साडी आणि लुगडे विणणाऱ्या या कुटुंबांना सूत उधार देणारा व्यापारी आणि तयार कापड विकत घेणारा व्यापारी बहुधा एकच असे, आणि पुढे यंत्र आले तरी हे नाते मोडले नाही. भिवंडीच्या औद्योगिक इतिहासात यंत्र बदलले, वीज आली, कापडाचे प्रकार बदलले. सुताची उधारी मात्र आपल्या जागी राहिली.

महाराष्ट्रात यंत्रमागाचा, म्हणजे विजेवर किंवा तेलाच्या इंजिनावर चालणाऱ्या मागाचा, प्रवेश १९०४ मध्ये इचलकरंजीत झाला. तेथे विठ्ठलराव दातार यांनी पहिला माग बसवला आणि त्यामागे संस्थानचे अधिपती नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांचा आश्रय होता. भिवंडीला असा राजाश्रय लाभला नाही. तेथील यंत्रमाग विसाव्या शतकाच्या दुसऱ्या पावशतकात आले, ते मुख्यतः विणकर आणि व्यापारी कुटुंबांच्या स्वतःच्या भांडवलावर, आणि त्यांतील पुष्कळ माग मुंबईच्या गिरण्यांनी मोडीत काढलेले होते. गिरणीच्या दृष्टीने आयुष्य संपलेला माग भिवंडीच्या कारखान्यात आणखी काही दशके चालत असे, कारण तेथे त्याची किंमत भंगाराच्या भावाने धरलेली असे, दुरुस्ती शेजारच्या लोहाराकडे होई आणि घसारा नावाचा खर्च वहीत लिहिलाच जात नसे. अमेरिकी इतिहासकार डग्लस हेन्स यांनी पश्चिम भारतातील छोट्या शहरांच्या भांडवलशाहीवर २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात कारागीर समाजांतूनच पुढे आलेल्या अशा भांडवलदारांचे सविस्तर विवेचन केले आहे. हातमाग मरत गेला आणि कारखानदारी बाहेरून येऊन बसली, ही सोपी मांडणी त्यामुळे टिकत नाही.

स्वातंत्र्यानंतरच्या सरकारी धोरणाने या लहान कारखानदारीला अनपेक्षित बळ दिले. अर्थतज्ज्ञ दत्तात्रय गोपाळ कर्वे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९५५ मध्ये ग्रामीण आणि लघुउद्योगांतील रोजगार जपण्यासाठी गिरण्यांच्या विणकाम क्षमतेवर मर्यादा घालण्याचा मार्ग सुचवला, आणि १९५० च्या दशकाच्या मध्यापासून गिरण्यांना नवे माग वाढवणे कठीण झाले. हेतू हातमाग वाचवण्याचा होता. कापडाची वाढती मागणी पुरी करण्याची संधी मात्र प्रत्यक्षात यंत्रमागाला मिळाली. त्यातच अबकारी कराच्या रचनेत चार किंवा त्याहून कमी माग असलेल्या कारखान्यांना सूट होती. परिणामी ज्याच्याकडे चोवीस माग होते, त्याने ते कागदोपत्री भाऊ, मुलगा, पत्नी आणि मेहुणा यांच्या नावांवर चार-चार असे वाटले आणि एकाच छपराखाली सहा कारखाने उभे राहिले. या वाटणीकडे केवळ करचुकवेगिरी म्हणून पाहणे अपुरे आहे. करबचतीचा मार्ग म्हणून सुरू झालेली ही रचना धंद्याची कायमची घडण बनली. कारखाना लहान राहिल्याने कारखाना कायद्यातील अनेक तरतुदी त्याला लागू झाल्या नाहीत, कामगार संघटना उभी राहणे अवघड झाले, आणि मोठे, नवे, महाग यंत्र घेण्याची ऐपत कोणा एकाच्याही अंगी आली नाही. १९६४ मध्ये अशोक मेहता यांच्या अध्यक्षतेखालील समितीने यंत्रमागांच्या या वाढीची दखल घेतली, आणि १९८५ च्या वस्त्रोद्योग धोरणाने गिरणी व यंत्रमाग यांच्यातील भेद बराच कमी केला. तोवर भिवंडी देशातील सर्वांत मोठ्या यंत्रमाग केंद्रांपैकी एक झालेली होती.

या धंद्याची आतली यंत्रणा पाहिल्याशिवाय त्याने प्रदेशाला काय दिले हे समजत नाही. सूत गिरणीतून येते आणि सूत व्यापाऱ्याकडे पोहोचते. कापडाच्या लांबीच्या दिशेने जाणारे धागे म्हणजे ताणा आणि आडवे जाणारे धागे म्हणजे बाणा. ताण्याचे हजारो धागे समांतर गुंडाळून बीम, म्हणजे मोठा रूळ, तयार करणे हे वार्पिंगवाल्याचे काम. त्या धाग्यांना मागावरचा ताण आणि घर्षण सोसावे म्हणून खळ लावून सुकवणे हे सायझिंगवाल्याचे काम. बीम कारखान्यात आल्यावर त्याचे धागे फणीतून ओवले जातात आणि मग माग चालू होतो. बाण्याचा धागा कांडीवर गुंडाळलेला असतो, कांडी धोट्यात बसते, आणि धोटा दोन्ही बाजूंच्या फटक्यांनी इकडून तिकडे धावतो. धोट्याच्या एका फेरीने बाण्याचा एक धागा कापडात बसतो. या एका धाग्याला धंद्यात ‘पिक’ म्हणतात. जुना माग मिनिटाला सुमारे दीडशे पिक टाकतो. ज्या कापडात इंचाला ५२ पिक बसतात, ते कापड या गतीने तासाला जेमतेम साडेचार मीटर तयार होते, आणि धागा तुटणे, कांडी संपणे, वीज जाणे हे सारे वजा केले तर त्याहूनही कमी.

आता या कापडाचा मालक कोण, हा खरा प्रश्न आहे. बहुसंख्य मागमालक सूत विकत घेत नाहीत. व्यापारी त्यांना बीम आणि बाण्याचे सूत देतो, ते विणून परत करतात आणि त्यांना मजुरी मिळते. ही मजुरी पिकावर ठरते. समजा इंचातील दर पिकामागे मीटरला १० पैसे भाव ठरला, तर इंचाला ५२ पिकांच्या कापडासाठी मीटरमागे ५ रुपये २० पैसे होतात. त्यातून वीज, जागेचे भाडे, सुटे भाग, मुकादम आणि कामगार यांचा खर्च भागवून जे उरेल ते मालकाचे. ज्याला बाहेरचे जग कारखानदार म्हणून ओळखते, तो अशा रीतीने स्वतःच मजुरीवर काम करणारा असतो. सूत वजनाने दिले जाते आणि कापड मीटरने घेतले जाते, आणि मधली घट, डागी माल, दलाली, वटाव म्हणजे रोख रकमेसाठी सोडावी लागणारी सूट, यांचा हिशेब व्यापाऱ्याच्या वहीत होतो. पैसे साठ, नव्वद किंवा त्याहून अधिक दिवसांनी येतात. सुताचे भाव चढले की व्यापारी बीम द्यायचे थांबवतो, कापडाचे भाव पडले की पिकाचा दर कमी करतो. बाजाराचा प्रत्येक हेलकावा अशा रीतीने खाली सरकत मागावर उभ्या माणसापर्यंत येतो. हा माणूस बारा तासांच्या पाळीत चार किंवा अधिक माग सांभाळतो, तुटलेला धागा चालत्या मागाच्या गोंगाटात शोधून सांधतो आणि विणलेल्या कापडाच्या हिशेबाने पगार घेतो.

तरीही हजारो लहान मालक या रचनेत टिकून राहिले, याचे कारण इंग्रज अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० मध्ये मांडलेल्या विचारात सापडते. एकाच धंद्यातील लहान कारखाने एका जागी एकवटले म्हणजे कुशल कामगार, सुटे भाग, दुरुस्ती, बाजाराची बातमी आणि उधारी या सगळ्या गोष्टी सर्वांना सामाईक आणि स्वस्त मिळतात, आणि एकट्या लहान कारखान्याला परवडले नसते ते त्या सर्वांना मिळून परवडते. भिवंडीत नवीन माणसाला माग सुरू करण्यासाठी बँकेचे कर्ज, यंत्रांचा शोध, गिऱ्हाइकाचा तपास यांपैकी काहीच फारसे करावे लागत नसे. गाळा भाड्याने मिळे, जुने माग हप्त्यावर मिळत, बीम व्यापारी देई आणि तयार कोरे कापड दलालामार्फत मुंबईच्या मुळजी जेठा मार्केटपर्यंत जाई. ओळख आणि शब्द या धंद्यात तारणाचे काम करत. शब्द मोडणाऱ्याला दुसऱ्या दिवशी बीम मिळत नसे, आणि ही शिक्षा न्यायालयाच्या निकालापेक्षा लवकर अमलात येई. प्रादेशिक वाढीला हातभार लावण्याची या व्यापारी समाजाची सर्वांत मोठी ताकद येथेच होती: औपचारिक पतव्यवस्था ज्याच्या दारात जात नाही त्याला भांडवल पुरवणे. त्याची सर्वांत मोठी मर्यादाही येथेच होती, कारण ज्याच्या हाती उधारी त्याच्या हाती भाव.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले, अनेक गिरण्या पुन्हा पूर्णपणे कधीच उभ्या राहिल्या नाहीत, आणि बाजाराला लागणारे कापड यंत्रमागांकडून येऊ लागले. कित्येक गिरण्यांनी स्वतःचे विणकाम बंद करून भिवंडीत विणलेल्या कोऱ्या कापडावर आपला शिक्का मारायला सुरुवात केली. गिरणगावात ज्या कामाला भविष्यनिर्वाह निधी, रजा आणि बोनस होता, तेच काम पन्नास किलोमीटरच्या आत या कोणत्याही हक्काविना होऊ लागले. भिवंडीच्या भरभराटीचा हा पाया सांगताना मुंबईतील लालबाग-परळच्या उद्ध्वस्त घरांचा उल्लेख टाळता येत नाही. एका प्रदेशाची वाढ आणि दुसऱ्याची पडझड येथे एकाच व्यवहाराच्या दोन नोंदी आहेत.

वाढत्या मागांना हात पुरवले ते उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगण आणि इतर प्रांतांतून आलेल्या माणसांनी. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी भिवंडीत पद्मानगर ही वस्ती उभारली आणि त्यांतील कित्येक कुटुंबे कामगारांची मागमालक झाली. एकटे राहणारे कामगार ‘भिस्सी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या खानावळींत जेवतात. त्या बहुधा कामगार वस्तीतील बायका आपल्या घरात चालवतात, पैसे महिन्याच्या हिशेबाने घेतात आणि पगार लांबला तर जेवणही उधारीवर चालू ठेवतात. उद्योगाच्या कोणत्याही आकडेवारीत या बायका उद्योजक म्हणून मोजल्या जात नाहीत, पण कामगार आजारी पडला, माग बंद राहिले किंवा मंदी आली तर पहिला तोटा त्याच सोसतात. व्यापारी समाजाच्या इतिहासात सूत व्यापाऱ्याइतकेच त्यांना स्थान असले पाहिजे.

मे १९७० आणि मे १९८४ या दोन्ही वेळच्या हिंदू-मुस्लिम दंगलींनी भिवंडी शहर होरपळले. पहिल्या दंगलीची चौकशी न्यायमूर्ती मादन आयोगाने केली. दुसऱ्या दंगलीनंतर, १९८८ पासून, पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी भिवंडीत मोहल्ला समित्या बांधल्या, ज्यांत दोन्ही समाजांतील सामान्य रहिवासी, दुकानदार आणि मागमालक नियमितपणे एकत्र बसत. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली असताना भिवंडी शांत राहिली. त्याचे श्रेय या समित्यांना दिले जाते आणि ते योग्यच आहे. त्याच्या जोडीला हेही खरे की हिंदू व्यापाऱ्याचे सूत मुसलमान मालकाच्या मागावर, मुसलमान विणकराच्या हाताने विणले जाऊन पुन्हा हिंदू दलालाकडे जात होते, आणि हे चक्र थांबल्यास दोन्हीकडची चूल विझते हे सर्वांनी दंगलींतून शिकून घेतले होते.

धंद्यातील नफ्याचा काही भाग शहरात परतला. कोकण मुस्लिम एज्युकेशन सोसायटीने १९२७ पासून रईस हायस्कूल आणि पुढे इतर संस्था उभ्या केल्या, ज्यांत मुलींच्या उच्च शिक्षणासाठी गुलाम मोहम्मद मोमीन महिला महाविद्यालय विशेष महत्त्वाचे आहे. १९६६ मध्ये सुरू झालेले भिवंडी-निजामपूर नगरपालिका महाविद्यालय पद्मश्री अण्णासाहेब जाधव यांच्या भारतीय समाज उन्नती मंडळाशी जोडलेले आहे आणि तालुक्यातील आगरी, कुणबी आणि आदिवासी कुटुंबांतील पहिल्या पिढीचे पदवीधर मोठ्या संख्येने तेथून बाहेर पडले. सांडपाण्याच्या नाल्या, फुटपाथ आणि कामगारांची घरे यांसाठी मात्र अशी वर्गणी कधी उभी राहिली नाही.

कोन गावाच्या वाट्याला या साऱ्यातून दोन गोष्टी आल्या. पहिली म्हणजे प्रक्रिया उद्योग. मागावरून उतरलेले कोरे कापड धुऊन, ब्लीच करून, रंगवून आणि छापून मगच विकले जाते, आणि त्यासाठी भरपूर पाणी, वाफ आणि मोकळी जागा लागते, जी दाटीवाटीच्या भिवंडीत नव्हती. सरवली परिसरात महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचे कल्याण-भिवंडी औद्योगिक क्षेत्र उभे राहिले आणि कोन, गोवे, सरवली या गावांच्या आसपास डाईंग आणि प्रोसेसिंगच्या कारखान्यांची रांग लागली. गावात कामगारांच्या चाळी, किराणा दुकाने, टेम्पोचे थांबे आणि दवाखाने वाढले. ज्या घरांत दोन खणी भाताचे कोठार होते, तेथे भाडेकरू आले.

दुसरी गोष्ट जमिनीची. १९४८ च्या कुळकायद्याने आणि १ एप्रिल १९५७ च्या ‘कृषक दिना’ने, म्हणजे ज्या दिवशी कसणारे कूळ कायद्याने जमिनीचे मालक मानले गेले त्या दिवसाने, भिवंडी तालुक्यातील आगरी आणि कुणबी कुळांच्या हाती भातखाचरांची मालकी आली. त्या वेळी ती एक पिकाची, खारट वाऱ्याची, अल्प उत्पन्नाची जमीन होती. चाळीस वर्षांनी तीच जमीन मुंबई महानगराच्या दारातील सर्वांत मोलाची वस्तू ठरली. प्रादेशिक वाढीचा लाभ स्थानिकांना मिळाला की नाही, या प्रश्नाचे उत्तर भिवंडीत बऱ्याच अंशी १९५७ मध्येच ठरले होते. कुळकायदा नसता तर गोदामांचे भाडे जुन्या जमीनदारांच्या आणि सावकारांच्या वंशजांकडे गेले असते.

गोदामे येण्याचे कारण पुन्हा एक सीमाच होती. मुंबई महानगरपालिका शहरात येणाऱ्या मालावर जकात घेत असे. माल थेट मुंबईत आणून साठवला तर विक्री होण्याआधीच जकात भरावी लागे. तोच माल नाक्याबाहेर ठेवला आणि मागणीनुसार थोडा थोडा आत नेला, तर कर तेवढ्याच मालावर आणि तेव्हाच भरावा लागे, आणि जो माल पुढे नाशिक, गुजरात किंवा विदर्भाकडे जायचा त्यावर तो मुळीच लागत नसे. मुंबई-नाशिक महामार्ग, ठाण्याकडे जाणारा जुना आग्रा रस्ता आणि कल्याणहून येणारा रस्ता भिवंडीभोवती एकत्र येतात. कोनकडून येणारा रस्ता रांजणोली नाक्यावर महामार्गाला मिळतो. काल्हेर, कशेळी, पूर्णा, राहनाळ, वळ, मानकोली, सोनाळे अशा ग्रामपंचायतींच्या हद्दींत औषधे, रसायने, कागद, किराणा आणि विजेची उपकरणे यांची गोदामे १९९० च्या दशकापासून झपाट्याने उठली. ग्रामपंचायतीत जकात नव्हती, बांधकामाची परवानगी सोपी होती आणि घरपट्टी कमी होती. बांधकाम व्यावसायिक पैसा लावी, शेतकरी जमीन देई, आणि उभे राहिलेले गाळे ठरलेल्या वाट्याने दोघांत वाटले जात. भातशेतीतून वर्षाला एकदा धान्य घेणारे कुटुंब अशा रीतीने दर महिन्याला भाडे घेऊ लागले, आणि त्याच कुटुंबातील तरुणांनी ट्रक, टेम्पो, हमालीचा ठेका, सुरक्षारक्षक पुरवण्याचे काम आणि ढाबे सुरू केले. माल चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या कामगारांसाठी अण्णासाहेब पाटील यांच्या लढ्यातून आलेला १९६९ चा माथाडी कायदा कागदावर होता; प्रत्यक्षात पुष्कळ गोदामांतील हमाल माथाडी मंडळाकडे नोंदलेले नसत.

या वाढीला आराखडा मिळाला तो फार उशिरा. २००७ मध्ये भिवंडी शहराभोवतीच्या ६० गावांसाठी मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाला विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नेमण्यात आले. तोपर्यंत पाणथळ जागांवर भराव पडले होते आणि रुंद रस्त्यांसाठी जागाच उरली नव्हती. उभ्या गोदामांपैकी असंख्य बांधकामे विनापरवाना ठरली आणि त्यांचे वाद उच्च न्यायालयापर्यंत गेले. २००७ मध्येच, २६ जानेवारीला, भिवंडीतील वीजवितरण फ्रँचायझी पद्धतीने टोरेंट पॉवर या खासगी कंपनीकडे सोपवले गेले. देशातील या पद्धतीचा तो पहिला प्रयोग होता, आणि मागांचा धंदा विजेच्या बिलाशी किती घट्ट बांधलेला आहे हे त्यानंतरच्या प्रत्येक दरवाढीच्या वेळी दिसून आले.

१ जुलै २०१७ रोजी वस्तू आणि सेवा कर लागू झाला, मुंबईची जकात संपली, आणि ज्या सीमेने गोदामे ओढून आणली होती ती सीमाच नाहीशी झाली. केवळ कराच्या फायद्यासाठी गोदामे आली असती तर ती येथून हलायला हवी होती. झाले उलटे. राज्याराज्यांत लहान गोदामे ठेवण्याची गरज संपल्याने कंपन्यांनी मोठी, एकत्रित गोदामे निवडली, त्यांना ऑनलाइन विक्रीच्या कंपन्या येऊन मिळाल्या, आणि भिवंडी परिसरातील मागणी वाढली. तीस वर्षांत येथे ट्रकचालक, हमाल, मुकादम, वजनकाटे, गॅरेज आणि वाहतुकीचे दलाल यांचे जाळे विणले गेले होते, आणि जकातीचा फायदा गेला तरी हे जाळे जागेवर राहिले. मार्शल यांनी कारखान्यांबद्दल सांगितलेली गोष्ट गोदामांनाही लागू पडली.

यंत्रमागांची स्थिती मात्र निराळी आहे. नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीने रोखीवर चालणारी पगाराची आणि बीमची साखळी तुटली. २०२० च्या टाळेबंदीत माग महिनोन्‌महिने थांबले आणि कामगार महामार्गाने पायी निघाले. सुरत आणि इतर केंद्रांतील बिनधोट्याच्या वेगवान मागांशी स्पर्धा करण्यासाठी लागणारे भांडवल चार मागांच्या मालकाकडे नाही, आणि १९९९ मध्ये सुरू झालेल्या तंत्रज्ञान उन्नयन निधीच्या योजनेचा लाभ घेण्याइतकी कागदपत्रेही पुष्कळांकडे नव्हती. कर वाचवण्यासाठी तुकडे केलेला कारखाना नवे यंत्र घेण्यासाठी पुन्हा जोडता आला नाही. काही मालकांनी माग भंगारात विकून तेच शेड गोदाम म्हणून भाड्याने दिले आहे, कारण भाडे दर महिन्याच्या ठरल्या तारखेला येते आणि पिकाचा दर कोणत्याही सोमवारी बदलतो.

खर्चाची बाजू कोनमध्ये रोज दिसते. रंगाचे आणि सायझिंगचे सांडपाणी कामवारी नदी आणि खाडीत मिसळत आले आहे, बॉयलरचा धूर वस्तीवर उतरतो, आणि रांजणोलीपासून दुर्गाडीपर्यंतच्या रस्त्यावर अवजड वाहने, शाळेच्या रिक्षा आणि पायी चालणारे कामगार एकाच पट्ट्यात अडकतात. उधारी, वाद आणि बाजारभाव यांबाबत इतक्या काटेकोरपणे एकमेकांशी बांधून घेणारा व्यापारी समाज पाणी आणि रस्ता यांबाबत विखुरलेला राहिला, याचे कारण त्याच्या घडणीतच आहे: बुडालेली उधारी एका माणसाचे नुकसान करते आणि तो तिचा पाठपुरावा करतो, बिघडलेली नदी सर्वांचे थोडे थोडे नुकसान करते आणि तिचा पाठपुरावा करणे कोणाच्याच वहीत बसत नाही. ग्रामपंचायतीचे उत्पन्न गावाच्या गरजांसाठी आखलेले असते. शेकडो ट्रक आणि हजारो भाडेकरू यांचा भार तिने पेलावा अशी अपेक्षा तिच्या कायद्यात नाही. कोनला कल्याणच्या महापालिकेत घ्यावे, भिवंडीच्या घ्यावे, की स्वतंत्र नगरपालिका द्यावी, हा प्रश्न म्हणूनच अस्मितेपेक्षा हिशेबाचा आहे, आणि कर वाढतील या भीतीने गोदाममालक आणि गावकरी दोघेही त्याबाबत सावध असतात.

ठाणे-भिवंडी-कल्याण या मेट्रो मार्ग क्रमांक ५ च्या आराखड्यात गोवेगाव औद्योगिक क्षेत्र, कोनगाव आणि दुर्गाडी किल्ला ही लागोपाठची स्थानके आहेत. १८५४ मध्ये रेल्वेने ज्या काठाला वगळले, त्या काठावर आता शहरी लोहमार्ग येत आहे, आणि त्याच्या आगमनाने जमिनीचे भाव आणखी चढतील हे उघड आहे. ज्या कुळांनी १९५७ मध्ये जमीन मिळवली त्यांच्या नातवंडांकडे आज बहुधा गाळ्यांचे वाटे आहेत, जमिनीचे सलग तुकडे फारसे उरलेले नाहीत. प्रोसेसिंगच्या कारखान्यांत काम करणाऱ्या आणि चाळीत भाड्याने राहणाऱ्या कुटुंबांकडे तर तेवढेही नाही, आणि भाडे वाढले की त्यांना आणखी आतल्या, आणखी दूरच्या गावाकडे सरकावे लागते.